जात्यावर दळलेल्या सूचना

आमच्या गावात शाळेच्या सूचना विहिरीवर मिळायच्या. साठ सालानंतरची ती दोन-चार वर्षं. गाव माणदेशातलं. निम्मे पुरुष मुंबईला आणि उरलेले मेंढरांमागं, त्यामुळं चावडीवर पालकांची सभा बोलावली तर खोकणारे म्हातारे तेवढे येणार, हे गुरुजींनी पहिल्याच वर्षी ओळखलं होतं. शाळेत ते एकटेच. एक खोली, चार वर्ग, एक गुरुजी. मे महिन्याच्या शेवटी आपल्या गावाहून परत आले की ते धोतराचा सोगा सावरत सकाळी विहिरीवर यायचे. बायकांचं शेंदणं चालू असेपर्यंत लिंबाखाली उभे राहायचे आणि घागरी भरल्या की घसा खाकरायचे.

पाणी दोन ठिकाणी भरलं जायचं. खालच्या आळीतल्या बायकांना वरच्या विहिरीवर येऊ देत नसत, म्हणून गुरुजींना तेच सगळं दोनदा सांगावं लागायचं. त्यापायी ते मनात गावाला काय म्हणत असतील ते म्हणोत, शाळेत मात्र त्यांनी सगळ्यांची पोती सरमिसळ अंथरायला लावली होती आणि त्याची सूचना त्यांनी कुठल्याच विहिरीवर दिली नव्हती.

त्यांच्या सूचना दर वर्षी त्याच. "मुलाला सहा वर्षं पुरी झालेली असावीत. वय खरं सांगावं. पाटी, पेन्सिल आणि बसायला पोतं द्यावं. शाळेत दूध मिळेल, त्यासाठी घरचं फुलपात्र द्यावं. डोक्याला तेल, नखं कापलेली, कान धुतलेले. बाजारच्या दिवशीसुद्धा शाळा असते. देवी टोचणारा माणूस आला की पोरांना कणगीत लपवू नये. आणि धाकटी भावंडं शाळेत आणू नयेत."

या शेवटच्या सूचनेला बायका हसायच्या.

"आवं गुर्जी, धाकलं घरी ठिवायचं तर बघायचं कुनी? घागरीत घालून ठिवू व्हय?"

"घागरीत नको," गुरुजी म्हणायचे, "आधीच पाणी कमी आहे."

एवढं झालं की सभा संपली. बायका डोक्यावर दोन-दोन घागरी घेऊन निघायच्या. लिहून घ्यायला कुणाला येत नव्हतं, आणि येत असतं तरी हात मोकळा कुणाचा होता? तरीही जूनमध्ये एकही सूचना कुणाच्या घरी हरवलेली नसायची, कारण दुसऱ्या दिवशी पहाटे त्या सगळ्या जात्यात पडायच्या.

माझी आई दळायला बसली की एक पाय पसरायची आणि त्या मांडीवर मला निजवायची. जात्याची घरघर अंगातून जायची. वर आईचा आवाज, खाली दगडाचा, आणि मी मध्ये कुठंतरी, ना जागी ना झोपलेली. पीठ उडून पापण्यांवर बसायचं. दिव्याचा पिवळा उजेड पिठातून हलायचा आणि त्या उजेडात पाटी, पेन्सिल, पोतं असं सगळं एकामागून एक चालत जाताना मला दिसायचं. शाळा म्हणजे काय हे मला शाळेत नाव लागायच्या आधी तिथंच कळलं.

पाटी गं पेन्सिल, बसाया द्यावं पोतं
गुर्जीच्या साळंमंदी, लेकीचं ध्यान ऱ्हातं

दुधाला फुलपात्र, द्यावं गं घासून
कान धुऊन धाडावा, गुर्जी बघं वाकून

वय गं सांगावं, खरं त्ये गुर्जीला
खोट्याचं पीठ बाई, चिकटं जात्याला

शेवटची ओळ गुरुजींनी सांगितलेली नव्हती. ती आईची भर. जातं म्हणजे आईला देवच होता. सणावाराला त्याला हळदकुंकू लागायचं, आणि त्याच्यापुढं म्हटलेलं फिरवायचं नाही, हे तिचं पक्कं होतं. नवऱ्याला दिलेला शब्द एकवेळ फिरवीन म्हणायची, जात्याला दिलेला नाही. वडील मुंबईला गोदीत होते, वर्षातून एकदा जत्रेला यायचे. त्यांना या वाक्याचा राग येत नसे. जात्याचा संबंध रोजचा, त्यांचा वर्षाचा.

धाकट्या भावंडांची सूचना मात्र आईनं कधी दळली नाही. कारण ती पाळायचीच नव्हती.

मला थोरली बहीण, तिला मी आक्का म्हणते. मी सव्वा वर्षाची असताना तिचं नाव पहिलीत लागलं, आणि लागलं ते मला कडेवर घेऊनच. आई उजाडल्यावर दुसऱ्यांच्या रानात जायची. आमच्या घरात आजी नव्हती, चुलती नव्हती. आक्का शाळेत जाणार तर मी बरोबर, नाहीतर दोघी घरी. गुरुजींनी पहिल्या दिवशी डोळे वटारले, दुसऱ्या दिवशी तोंड फिरवलं आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच्या हातानं शाळेपुढच्या चिंचेच्या फांदीला जाड दोराचा सोल बांधून दिला. त्यात आईच्या जुन्या लुगड्याची झोळी, आणि झोळीत मी. मग दुसऱ्या पोरींनीही आपापल्या झोळ्या आणल्या. पुढच्या मे महिन्यात विहिरीवर गुरुजी पुन्हा गंभीर चेहऱ्यानं सांगत होते, "धाकटी भावंडं आणू नयेत," आणि जूनमध्ये चिंचेला पुन्हा झोळ्या लटकत होत्या.

माझी पहिली आठवण त्या झोळीतली आहे. हिरव्या लुगड्यातून गाळून आलेला उजेड, त्यावर चिंचेच्या पानांच्या बारीक सावल्या, आणि लांबून येणारे पाढे. बे एके बे, बे दुणे चार. आवाज वर जायचा, खाली यायचा, आणि झोळीही तशीच जायची-यायची. आक्का म्हणते, तुला कसलं आठवतंय, तू एवढीशी होतीस, मी सांगितलेलं तू आपलं म्हणून सांगतेस. मी म्हणते, मला आठवतं. हे भांडण अजून मिटलेलं नाही आणि मी ते मिटू देणारही नाही.

पाढे थांबले की झोळ्या रडायच्या, हे गुरुजींच्या ध्यानात आलं होतं. म्हणून एक वर्ग पाढे म्हणत असायचाच. पहिली थकली की दुसरी, दुसरी थकली की तिसरी. तालुक्याहून तपासणीला साहेब यायचे, ते आमच्या शाळेच्या पाढ्यांवर भारी खूष असत. कुणासाठी म्हटले जातात हे त्यांना कुणी सांगितलं नाही. साहेब येणार त्या दिवशी झोळ्या शाळेमागच्या बोरीकडं हलवलेल्या असायच्या.

अशी चार वर्षं गेली. मी झोळीतून उतरले आणि आक्काच्या पोत्याच्या कडेला बसू लागले. आक्का चौथी पास झाली. आणि इथंच गाडी अडली, कारण आमच्या गावात पाचवी नव्हती.

पाचवी होती माळापलीकडच्या मोठ्या गावात. चौथीची परीक्षा द्यायला गुरुजींनी पोरांना तिथं नेलं होतं, तेव्हा आक्कानं तिथं पृथ्वीचा गोल पाहिला होता. एका कपाटावर ठेवलेला, निळा, वाकडा. तिनं हळूच बोट लावलं तर तो फिरला. ती घरी आली ती त्या गोलाचंच बोलत. "त्याच्यावर मुंबई असंल न्हवं? आबा जिथं हायेत तिथं बोट ठिवता येत असंल." जेवताना तेच, भाकरी थापताना तेच. एकदा तर तिनं तव्यावर फुगलेली भाकरी बोटानं फिरवली आणि पोळून घेतलं.

पण त्या मोठ्या शाळेत हेडमास्तर होते आणि चिंच नव्हती. कडेवरचं पोर घेऊन तिथं कुणाला उभं करत नसत. आई मला एकटीला गावात सोडायला तयार नव्हती, कारण मी एकदा विहिरीच्या काठावर, पाय आत सोडून बसलेली सापडले होते. मला ते आठवत नाही, आईला मात्र जन्मभर आठवलं. तेव्हा हिशेब सरळ होता. माझं नाव पहिलीत लागलं तर मी दिवसभर गुरुजींच्या नजरेखाली, आणि आक्का पाचवीला मोकळी. नाही लागलं, तर आक्का माझ्यापाशी घरी.

"धाकलीचं नाव लागलं तर तुझा दाखला घिऊ," आई म्हणाली. "न्हाईतर पुढच्या सालाला बघू."

मुलीच्या शाळेच्या बाबतीत 'पुढच्या सालाला' याचा अर्थ गावात सगळ्यांना माहीत होता. चौथीनंतर 'पुढच्या सालाला' घरी राहिलेल्या पोरी विहिरीवर दिसायच्या, रानात दिसायच्या, आणि मग एक दिवस मांडवात दिसायच्या.

आता माझं नाव लागायचं तर माझा हात कानाला लागायला हवा होता. जन्माचा दाखला वगैरे प्रकार आमच्याकडं नव्हता. उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरता आला की पोर सहा वर्षांचं, ही सरकारमान्य नसली तरी गुरुजीमान्य पद्धत. हात पोचला तर गुरुजी म्हणायचे, "आत बस." नाही पोचला तर आईकडं बघून म्हणायचे, "पुढच्या साली आणा."

माझा हात दोन बोटं कमी पडत होता.

मग तो मे महिना. त्याच्यासारखा लांब महिना मी पुन्हा पाहिला नाही. आई रानात गेली की आक्का मला चिंचेखाली न्यायची. सुट्टीची शाळा बंद, दार कुलूपबंद, अंगणात धुळीची वावटळ गोल फिरून आपली आपण बसायची. ज्या फांदीला माझी झोळी होती त्याच फांदीला ती मला लोंबकळायला लावायची. मी लोंबकळत असताना खालून माझे पाय हळूच ओढायची. मग करडईच्या तेलानं हात चोळायची, खांद्यापासून बोटापर्यंत, पुन्हा खांद्यापासून बोटापर्यंत, आणि तोंडानं म्हणायची, "वाढ गं बाई, वाढ." तेल घरातून लपवून आणलेलं असायचं. ऊन, तेलाचा वास, चिंचेचा वाळका पाला, आणि माझ्या हातावरून खाली-वर फिरणारे तिचे लहानसे हात. मला त्यात झोप यायची. ती मला चिमटा काढून जागं करायची.

"मान वाकडी करायची न्हाई. गुर्जी धरत्यात."

"मग कशी लागंल?"

"लागंल. ताण."

तिनं आणखी दोन युक्त्या काढल्या होत्या. एक, माझी वेणी घालायची बंद केली. केसांमुळं डोकं उंच होतं आणि हाताला फेरा पडतो, असं तिचं म्हणणं. तेल थापून ती केस असे चपटे करायची की मी नुकतीच विहिरीतून काढल्यासारखी दिसायचे. दुसरी, माझी नखं कापू द्यायची नाही. तेवढीच लांबी. महिना संपत आला तेव्हा माझं मधलं नख कानाच्या वरच्या कडेला खरचटत होतं. आक्का त्या दिवशी धुळीत बसली आणि हसत सुटली. मी तिला तशी हसताना फार वेळा पाहिलेली नाही.

नावं घालायच्या दिवशी आईनं रानातलं काम बुडवलं. पहाटे दळण, मग मला अंघोळ, मग अंगणात बसवून तिनं माझा हात धरला आणि विळ्याच्या टोकानं माझी सगळी नखं कापून टाकली. सूचना होती ना. जात्यावर म्हटलेली.

आक्का पाणी घेऊन आली तेव्हा नखं जमिनीवर पडली होती. तिनं घागर उतरवली नाही. डोक्यावर तशीच ठेवून नुसती उभी राहिली. आईला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती माझे कान धुण्यात गुंतली होती.

शाळेच्या दारात पोरांची आणि आयांची गर्दी. गुरुजी टेबलाशी, दौत-टाक घेऊन. चौथी पास झालेली पोरं दाखले न्यायला भिंतीकडेला उभी, त्यांच्यात आक्का. दाखले लिहून तयार होते. एकेक आई पुढं व्हायची, पोर हात वर करायचं. मेंढक्याचा एक पोरगा इतका उंच होता की त्याचा हात कान ओलांडून गालावर आला. त्याच्यापुढं गुरुजींनी नुसती मान हलवली. एक लहान पोरगी रडायलाच लागली. "पुढच्या साली आणा," गुरुजी म्हणाले आणि तिच्या आईनं तिला उचललं.

मग मी. मला त्या खोलीतलं सगळं पाण्याखालून दिसल्यासारखं आठवतं. खिडकीतून येणारा उजेडाचा पट्टा, त्यात धूळ, गुरुजींच्या धोतराची किनार. मी हात वर केला. तेलकट केसांवरून बोटं घसरत गेली. गुरुजींनी हनुवटीखाली बोट लावून मान सरळ केली. मी ताणलं. खांद्यात कळ आली. भिंतीकडं बघायचं नाही असं ठरवलं होतं तरी बघितलं, तर आक्काचाच उजवा हात थोडा वर उचललेला होता, तिला न कळत. आणि मधल्या बोटाचं टोक कानाला टेकलं. नख नव्हतं, नुसतं बोट.

"लागला," गुरुजी म्हणाले. टाक दौतीत बुडवत, मान वर न करता त्यांनी विचारलं, "सहा पुरी ना, बाई?"

हे विचारायचं म्हणून विचारायचं. सकाळपासून प्रत्येक आईनं "व्हय" म्हटलं होतं. पाच वर्षांच्या पोराच्या आईनं म्हटलं होतं आणि आठ वर्षांच्या पोराच्याही.

माझ्या आईनं पदर डोक्यावरून पुढं ओढला. मग म्हणाली, "न्हाई गुर्जी. ही शाळू काढताना झाली. पाच शाळू झालं हिला. सहावा अजून पेरायचा हाय."

गुरुजींनी टाक खाली ठेवला.

मागून एक बाई म्हणाली, "आगं, व्हय म्हन की. तुझं काय जातंय?"

"जात्यावर म्हटलंय म्या," आई म्हणाली. "वय खरं सांगीन म्हनून. गुर्जीनंच सांगितलं हुतं हिरीवर."

भिंतीकडं आक्का उभी होती. मला आईचा राग येईल असं वाटलं होतं. खरं तर मला फक्त हात खाली करायची भीती वाटत होती. हात खाली केला तर सगळं मोडेल, असं काहीतरी डोक्यात बसलं होतं. म्हणून मी कान धरून तशीच उभी राहिले.

"जात्यावर?" गुरुजींनी विचारलं. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. पाच वर्षं ते विहिरीवर बोलून परत जात होते, आणि पुढं त्या बोलण्याचं काय होतं ते त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. त्यांच्या घरी दळण गिरणीतून येत असणार.

आईनं सूर न लावता, खाली बघत, ओव्या सांगितल्या. पाटी, पोतं, फुलपात्र. कान धुतलेला. मागच्या दोघीतिघींनी आपल्या घरची ओळ वेगळी आहे म्हणून मध्येच दुरुस्ती केली. खालच्या आळीतली एक तरणी बाई म्हणाली, "आमच्यात नखाची बी हाय." गुरुजी ऐकत राहिले. चष्मा काढून त्यांनी तो धोतराला पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला.

"आन् दुसरंबी खरं सांगते गुर्जी," आई म्हणाली. आता तिनं मान वर केली होती. "हिचं नाव न्हाई लागलं तर थोरलीची साळा सुटती. तिला हिला बघत बसाया लागंल. ती लय हुशार हाय, तुमीच म्हनला हुता. तवा काय त्ये तुमी बघा. म्या खोटं बोलू शकत न्हाई आन् मला तिची साळाबी सोडवत न्हाई."

आईला एवढं लांब बोलताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं. जात्यावरचं सोडून.

गुरुजींनी माझ्याकडं पाहिलं. मी अजून कान धरून उभी होते. मग त्यांनी टाक उचलला.

"बाई, तुम्ही खरं सांगितलंत ना?" ते म्हणाले. "मग तुमचं काम झालं. आता खोटं लिहायचं ते मी लिहितो."

आणि त्यांनी लिहिलं. एक जून. आमच्या वर्गात सगळ्यांचाच जन्म एक जूनचा होता, फक्त साल मागंपुढं. माझं साल एकानं मागं गेलं. मग त्यांनी भिंतीकडं बघून आक्काला हाक मारली आणि तिचा दाखला तिच्या हातात न देता आईच्या हातात दिला. आईनं तो कपाळाला लावला. लिहिलेली बाजू आत गेली की बाहेर, हे तिला कळणार नव्हतं, म्हणून तिनं दोन्ही बाजू लावल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी आईच्या मांडीवर नव्हते. आता शाळेत जाते म्हटल्यावर मला चटईवर निजवलं होतं, आणि त्याचं मला वाईट वाटत होतं. घरघर सुरू झाली. पिठाचा वास आला. अंधारात आईचा आवाज नवीन ओवी जुळवत होता, थांबत, पुन्हा धरत.

खरं मी बोलले, खोट्याचा ऱ्हायला भार
गुर्जी माझा बंधू, घेई डोईवर

आक्का उठून भाकरी बांधत होती. ओवी ऐकून तिनं हात थांबवला, आणि मग पुन्हा फडक्याची गाठ मारली. ती माळावरून गेली तेव्हा मी दारात होते. माळ उघडा, झाड नाही, त्यामुळं माणूस खूप वेळ दिसत राहतो. आधी आक्का, मग तिचं फडकं, मग नुसता एक ठिपका, मग ठिपका होता की नव्हता असं. संध्याकाळी तोच ठिपका उलटा आला आणि त्याची आक्का झाली. गोलावर मुंबई सापडली म्हणाली, पण आपलं गाव नाही. मुंबईवर बोट ठेवलं तर आख्खा सातारा जिल्हा नखाखाली जातो.

पुढच्या मे महिन्यात गुरुजी नेहमीसारखे विहिरीवर आले, दोन्ही विहिरींवर. पाटी, पेन्सिल, पोतं, फुलपात्र, देवी टोचणारा माणूस. धाकटी भावंडं आणू नयेत, हेही सांगितलं. फक्त 'वय खरं सांगावं' ही सूचना त्यांनी गाळली होती. ती त्यानंतर कधी ऐकली नाही.

सत्तर साल उलटल्यावर आक्का सांगलीला गेली, नर्सिंग शिकायला, आणि सांगलीचीच झाली. माझ्या वाट्याला आलेलं ते खोटं साल मला नोकरीत भोवलं. खऱ्या वयाआधी घरी बसावं लागलं. दुरुस्त का करून घेतलं नाहीस, असं बरेच शहाणे विचारतात. मी त्यांना उत्तर देत नाही. दिलं तर एवढी सगळी गोष्ट सांगावी लागेल, आणि त्यांना बसची घाई असते.

गेल्या वर्षी आक्काचा उजवा खांदा धरला. आयुष्यभर पेशंट उचलले, त्याचं हे फळ. मी सांगलीला गेले. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला होता, हात डोक्यावरून नेऊन पलीकडच्या कानाला लावायचा. मला सांगताना आक्काचं तोंड गंभीर होतं, पण डोळे हसत होते. दुपारी गॅलरीत बसवून मी करडईचं तेल कोमट केलं आणि तिचा हात चोळायला घेतला, खांद्यापासून बोटापर्यंत. समोर कुणाच्या तरी साड्या वाळत होत्या. त्यातली एक हिरवी होती, तिच्यातून ऊन गाळून आमच्या अंगावर पडत होतं. तिला डुलकी लागत होती. मी चिमटा काढला.

"मान वाकडी करायची न्हाई," मी म्हटलं. "ताण."

तिनं हात वर केला. पांढऱ्या केसांवरून बोटं हळूहळू पुढं आली आणि थांबली. तिचा चेहरा दुखण्यानं आवळला होता. दोन बोटं कमी पडत होती.

"पुढच्या साली आणा," मी म्हटलं.

"चालंल की," आक्का म्हणाली आणि हात खाली घेतला. "माझं शिकून झालंय."